धमकी देणारा माणूस पाहिजे

बंदुका कमी करायच्या म्हणून सरकारनं नियम कडक करायचं नुसतं मनात आणलं, आणि आमच्या भागात ज्यांनी जन्मात घरातला उंदीरसुद्धा मारला नव्हता त्यांनाही पिस्तूल पाहिजे झालं. पेपरात बातमी आली होती. जुने परवाने तपासणार, ज्यांना गरज नाही त्यांचे काढून घेणार, आणि नवा परवाना मिळणं यापुढं अवघड होणार. प्रस्ताव वर गेलाय, मंजुरी आली की लागू. हे वाचून शहाण्या माणसानं बरं झालं म्हणावं आणि आपल्या कामाला लागावं. आमच्याकडं लोक म्हणाले, मंजुरी यायच्या आत उरकून घ्या.

सिरसाळ्याच्या अलीकडं आमची वस्ती आहे आणि वस्तीवर माझी मिरची कांडपाची मशीन आहे. बायका मिरच्या घेऊन येतात, मी कांडून देते, आणि कांडता कांडता सगळ्या मुलखाच्या बातम्या ऐकते. त्या दिवसांत मी दुसरं काही ऐकलंच नाही. कुणाचा दीर परवान्यासाठी तालुक्याला गेलेला, कुणाचा भाऊ बीडला चकरा मारतोय. भामाबाईच्या जावयानं तर मोबाईलवर पिस्तुलाचा फोटो लावला होता आणि ते पिस्तूलसुद्धा दुसऱ्याचं होतं. मी म्हटलं, भामाबाई, जावयाला सांगा, बैलांचे फोटो लावायचे दिवस बरे होते.

बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात तर रोजची लोकसभा. एकजण म्हणाला, "आमच्या घेणार, आन ज्यांच्याकडं बिनपरवान्याच्या हायेत त्यांच्या? ते काय पेपर वाचून जमा करणार हायेत का?" तिकडं गेवराईकडं नदीकाठी वाळूवरून काय चालतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना खरी भीती होती ते बिचारे दार लावून गप्प बसले होते. घाई भलत्यांनाच झाली होती.

त्या भलत्यांत आमचे मालक पहिले. नाव राधाकिशन. घरात मी नाव घेत नाही, इथं एकदाच सांगून ठेवते. त्यांचं खत-बियाणाचं दुकान आहे, लोक त्यांना आप्पा म्हणतात, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी कुणावर हात उचललेला नाही. दुकानात भांडण झालं तर हेच चहा मागवतात. अशा माणसाला पिस्तूल कशाला, तर एका लग्नामुळं.

मांडवात पुढं सोफे टाकलेले होते. मालक सोफ्यावर बसले होते. तेवढ्यात विजयसिंह आले. त्यांची जमीन मोठी, बोलणं मोठं, आणि सदरा मुद्दाम आखूड शिवलेला, कमरेचं पिस्तूल दिसावं म्हणून. यजमानानं मालकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना प्रेमानं उठवलं आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर नेलं. पुढं मंगलाष्टकं संपता संपता विजयसिंहांनी हवेत बार काढला आणि मांडवाचा हॅलोजन फोडला. नवरीच्या शालूवर काचा. लोकांनी उलट टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, घरी जाऊन आमचे मालक म्हणतील, काय हा माजोरडा माणूस. ते म्हणाले, "बघितलं का, सोफा कुणाला भेटतो ते?"

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बीडहून पिस्तुलाचं कातडी म्यान आणलं. पिस्तूल नव्हतं, परवाना नव्हता, अर्जसुद्धा केला नव्हता. म्यान मात्र आलं, पितळी बटणाचं. रोज सकाळी ते कमरेला लावायचे आणि रिकामं कसं ठेवायचं म्हणून त्यात मोबाईल घालायचे. दुकानात फोन वाजला की बटण उघडून, मोबाईल बाहेर काढून, कानाला लावेपर्यंत समोरचा फोन ठेवून देई. मी काही बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं असतं तर बंद करता आलं नसतं.

अर्ज भरायला ते तानाजीकडं गेले. तानाजीचं सिरसाळ्यात सेवा केंद्र आहे. सातबारापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं तो करतो, आणि त्या महिन्यात त्याच्याकडं रांग लागली होती ती फक्त परवान्याची. तानाजीनं सांगितलं, "आप्पा, कागदं सगळी हायेत. पण जिवाला धोका कोणाकडून हाय ते दाखवावं लागतंय. कुणी धमकी दिल्याली नोंद हाय का ठाण्यात?"

मालक त्या दिवशी जेवायलासुद्धा तोंड पाडूनच बसले.

"कुणीच धमकी देत न्हाई मला," ते म्हणाले. "एवढी वर्षं दुकान चालवतोय, एक दुश्मन न्हाई."

दुसरी बाई असती तर तिनं या वाक्यावर देवाला नारळ फोडला असता. हा माणूस ते एखादं व्यंग सांगावं तसं सांगत होता. मी म्हटलं, "भाकरी खा, नाहीतर मीच देते धमकी." तर म्हणाले, "बायकोची चालत न्हाई, तानाजीला विचारलंय मी."

आता बंकट भावजींबद्दल सांगायला पाहिजे. बंकट म्हणजे आमच्या रानाचे शेजारी. दोन्ही रानांत एकच बांध, विहीर सामाईक, आणि मालकांची त्यांची दोस्ती चड्डी घालायच्या आधीपासूनची. त्यांची बायको पारूबाई, माझी मैत्रीण. एकुलती लेक संस्कृती, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे ती परळी रस्त्यानं पळायची आणि भावजी मागून मोटारसायकलचा उजेड दाखवत जायचे. पोरगी माझ्याच अंगणात वाढली. माझ्या मशीनजवळ बसून शिंकत शिंकत पाढे पाठ केलेत तिनं.

तर मालकांनी धमकी मागितली ती या बंकट भावजींकडं. आणि भावजी काय म्हणाले? "देतो की. पण तू बी मला दे. मला बी परवाना काढायचाय."

त्यांची तालीम आमच्या बांधावर झाली. मी दुपारची भाकरी घेऊन गेले होते, म्हणून बघायला मिळाली. दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभे. भावजी म्हणाले, "राध्या, बांध कोरतोस काय बे? परत बांधावर पाय ठेवलास तर तोडून टाकीन!" आणि म्हणता म्हणता हसायला लागले.

"हसू नको ना बे," मालक म्हणाले. "जरा रागानं म्हण. तुला राग कावून येत न्हाई?"

"तुज्या तोंडाकडं बघून येतच न्हाई. तू मागं वळ, मी पाठीला धमकी देतो."

मालक पाठ करून उभे राहिले. भावजींनी पाठीला धमकी दिली. ती जरा बरी जमली. मग दोघं लिंबाखाली बसले आणि एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली. मी म्हटलं, "भावजी, हे यांचं डोकं फिरलंय, तुमचं तरी ठिकाणावर असू द्या. असली खोटी नोंद करतात का?" भावजी म्हणाले, "वैनी, कागदाला कागद. कोण बघतंय?" आणि दोघं एकाच मोटारसायकलवर बसून एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायला ठाण्यात गेले. एकजण आत तक्रार लिहून देत होता तेव्हा दुसरा समोरच्या टपरीवर त्याचा चहा सांगून बसला होता. येताना पेरू घेऊन आले.

इथपर्यंत मीसुद्धा हसत होते, हे कबूल करते. दोघांचं खूळ, दुसरं काय.

पण आमच्याकडं तक्रारीत एकट्याचं नाव कुणी देतच नाही. भांडण एकाशी होतं आणि नावं सगळ्या घरादाराची लागतात. म्हातारी अंथरुणाला खिळलेली असली तरी तिच्या हातात काठी देतात, बाळंतीण माहेरी असली तरी तिला दगड मारायला लावतात. तेवढ्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. जमादार निवृत्तीरावांनी लिहिता लिहिता सहज विचारलं, "एकटाच होता का?" आणि आमच्या मालकांच्या तोंडून गेलं, "न्हाई, सगळे होते." बंकटच्या हातात कोयता, पारूबाईच्या हातात काठी आणि संस्कृतीच्या हातात दगड. पोरीनं म्हणे तो उगारून जिवंत सोडणार नाही असं म्हटलं.

तिकडं भावजींनी तरी काय केलं? मालकांच्या हातात कुऱ्हाड दिली आणि मला डोळ्यात तिखट टाकायला लावलं. मला! मी तेव्हा मशीनवर भामाबाईच्या मिरच्या कांडत होते. तिखट हातात होतं ते खरं, पण भामाबाईचं.

जिल्ह्यात वातावरण तापलेलं. असल्या दोन नोंदी समोरासमोर आल्यावर पोलीस गप्प बसतील कसे? त्यांनी दोन्ही घरांना नोटिसा काढल्या. शांतता राखा, नाहीतर पुढची कारवाई करू. माझ्या नावाची आली तेव्हा मला त्या तिखटाचं समजलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. मालक म्हणाले, "चांगलंच झालं की. आता फाईल वजनदार झाली." पारूबाईच्या आणि संस्कृतीच्या नावाच्या नोटिसा भावजींनी परस्पर सही करून घेतल्या. पोरगी अभ्यासात आहे, तिला कशाला त्रास, असा त्यांचा विचार. पारूबाईलाही त्यांनी सांगितलं नाही, आणि मी पारूबाईला सांगेन म्हणून त्या दोघींच्या नोटिसा आल्या हे मलाही कळू दिलं नाही. मी आपली माझ्याच नावावरून भांडत बसले.

उन्हाळ्याच्या शेवटी भरतीची यादी लागली आणि संस्कृतीचं नाव आलं. आमच्या वस्तीवरची पोलीस झालेली पहिली मुलगी. गुलाल उधळला, हलगी वाजली, पारूबाई रडली, मी रडले. मालकांनी सिरसाळ्याच्या चौकात बॅनर लावला. वर संस्कृतीचा फोटो, खाली तिच्याहून मोठा यांचा, कमरेला म्यान दिसेल असा.

मग चारित्र्य पडताळणी आली. निवृत्ती जमादारच वस्तीवर आले. पोरीनं तिच्या कागदात लिहून दिलं होतं की माझ्यावर कसलीही तक्रार, कसलीही कारवाई नाही. तिला ठाऊक असेल तेच ती लिहिणार. जमादार म्हणाले, "बाई, तुमचं तर नाव हाय. जिवे मारायची धमकी. दगड. आन नोटीस बी घेतल्याली हाय. तुमी लपवलं असं धरलं तर नेमणूक जाईल."

ती तशीच आमच्याकडं आली. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या. मी मशीन बंद केली.

"काकू," ती म्हणाली, "मी काकांना कवा मारायला धावले?"

मी तिला सगळं सांगितलं. बांधावरची तालीम, पेरू, सगळं. ती ऐकत होती आणि तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मला हे सांगताना इतकी लाज वाटली की जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे बाबांना ठाऊक होतं?" आणि निघून गेली.

उपाय सरळ होता. मालकांनी ठाण्यात जाऊन सांगायचं की मुलगी तिथं नव्हती, भांडण झालंच नव्हतं. मी तेच म्हटलं. उठा, आत्ता जा.

"जातो ना," मालक म्हणाले. "पर आठ-पंधरा दिवस दम काढ. माझी फाईल वर गेलीय. मंजुरी यायच्या आत एकदा सही झाली की मग जाऊन सांगतो, पोरीचं नाव चुकून पडलं म्हणून."

"आणि तोवर पोरीची नेमणूक?"

"एवढ्या लवकर थोडीच जाती? सरकारी काम हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. या माणसाबरोबर मी अर्धं आयुष्य काढलंय. वाईट माणूस नाही. कुणाच्या पोरीचं वाईट व्हावं असं त्याच्या स्वप्नातही येणार नाही. पण एका सोफ्यासाठी तो तिचं दोन वर्षांचं पळणं पंधरा दिवस टांगून ठेवायला तयार होता आणि त्यात काही चुकतंय हे त्याला दिसत नव्हतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

संध्याकाळी बंकट भावजी आले. अंगणात उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"राध्या, सकाळी जाऊन सांग, पोरगी नव्हती."

"सांगतो रे. जरा थांब ना. खोटं होतं म्हणलं तर माझ्यावरच केस करतील, फाईल तर गेलीच."

"पोरीपरीस तुजं पिस्तूल मोठं झालं का?"

"आन तू? तू काय कमी हायेस बे? तिच्या नोटिशीवर सही कुणी केली? मी केली का?"

तिथं भावजींचा तोल गेला. ते खरं होतं म्हणूनच गेला. "बांधावर पाय ठेवलास तर तोडून टाकीन," ते म्हणाले.

तेच शब्द. बांधावर हसत हसत पाठ केलेले. या वेळी मालकांना पाठ करून उभं राहावं लागलं नाही. भावजी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले आणि आल्या पावली परत गेले. मालक खुर्चीत बसले. मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडला.

"बघितलंस ना?" ते म्हणाले. "आता तर खरंच धोका हाय. आता परवाना पाहिजेच."

मी आत जाऊन पाणी प्यायले, कारण नाहीतर हातात वरवंटा आला असता.

सकाळी मी संस्कृतीला बोलावलं आणि तिच्या स्कूटीवर मागं बसून ठाण्यात गेले. साहेब तरुण होते. मी सांगितलं, नोंदी दोन्ही खोट्या, मुलगी निर्दोष, तिला नोटीस मिळालेलीच नाही, सही बापाची. जमादार निवृत्तीराव मान खाली घालून लिहीत होते. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तुमच्या मालकांना बंकटरावांकडून धोका नव्हता?"

"न्हाई."

"आता आहे का?"

इथं मी अडकले. कारण आता होता. काल संध्याकाळी माझ्याच अंगणात, माझ्या कानांनी ऐकलेला. हो म्हणावं, तर भांडण खरं ठरणार, त्यात पोरीचं नाव परत लागणार, भावजी आत जाणार आणि आमच्या मालकांना पिस्तूल मिळणार. नाही म्हणावं, तर आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांसमोर खोटं बोलणार. धोका नव्हता तेव्हा दोन शहाण्यांनी पानंच्या पानं भरून दिली होती. आज होता, आणि मला तोंड शिवून घ्यायचं होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत संस्कृती गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती.

"न्हाई," मी म्हटलं. "कसलाच न्हाई."

"हे तुमच्या मालकांनी स्वतः येऊन सांगायला पाहिजे," साहेब म्हणाले.

मी तिथूनच फोन लावला. तो उचलायला नेहमीसारखा वेळ लागला, बटण उघडायचं होतं ना. मी म्हटलं, "दुकान बंद करा आणि ठाण्यात या. नाही आलात तर मी माहेरी जाते, आणि मशीन घेऊन जाते." मी जाण्याचं त्यांना फारसं वाटलं नसतं. मशीनचं वाटलं असावं, कारण ते लगेच आले.

आले ते कमरेला म्यान लावूनच. साहेबांनी आधी तिकडं बघितलं. "काय आप्पा, घाई झालती वाटतं?" मालकांनी मोबाईल बाहेर काढून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्यानावर सदरा ओढून घेतला. मग त्यांनी सांगितलं. सगळं. अडखळत, पण सांगितलं. मुलीच्या हातात दगड मीच दिला, म्हणाले. साहेबांनी त्यांनाही तोच प्रश्न केला, आता बंकटरावांकडून काही धोका?

मालकांनी माझ्याकडं बघितलं. खिडकीतून समोरची टपरी दिसत होती. तिथं बंकट भावजी येऊन उभे राहिले होते, त्यांनाही बोलावणं गेलं असणार.

"न्हाई साहेब," मालक म्हणाले. "दोस्त हाय माझा."

त्या क्षणापुरतं मी त्यांना सगळं माफ केलं. बाहेर आल्यावर त्यांनी टपरीकडं हात केला, "बंक्या, च्या घे." भावजींनी ऐकलं. ते त्यांच्या अंगावरून सरळ ठाण्यात शिरले, आपलं सांगून बाहेर आले, मोटारसायकलला किक मारली आणि गेले. मालक दोन कप चहा सांगून बसले होते. दुसरा कप तसाच निवला.

दोघांच्या फायली गेल्या. खोटी माहिती दिली म्हणून दोघांना तंबी मिळाली, परत असं केलंत तर गुन्हा नोंदवू. संस्कृतीला वर जाऊन खुलासा द्यावा लागला, आम्हा सगळ्यांचे जबाब जोडावे लागले, आणि तिच्या बरोबरच्या मुली प्रशिक्षणाला निघून गेल्या तरी ती घरीच होती. ते दिवस तिनं कसे काढले ते पारूबाईलाच ठाऊक. पहाटे ती पळायला मात्र जायची. एकटी. मागून उजेड दाखवायला तिनं बापाला येऊ दिलं नाही.

शेवटी नेमणूक आली. भावजींनी सगळ्या वस्तीला पेढे वाटले, आमचं घर तेवढं सोडलं. संध्याकाळी संस्कृतीच पेढे घेऊन आली. माझ्या पाया पडली. मालकांच्याही पडली. ते गहिवरले, म्हणाले, "बेटा, रागावली न्हाईस ना काकावर?"

ती म्हणाली, "राग न्हाई काका. एकच विचारायचंय. माझं नाव सांगतानी तुमच्या डोळ्यापुढं मी आलेच न्हाई का?"

मालकांच्या हातात पेढा होता. तो त्यांना खाता आला नाही आणि खालीही ठेवता आला नाही. ती गेल्यावरही ते तो तसाच धरून बसले. माझं बोलून झालं होतं, आणि तिच्यापुढं माझं बोलणं काहीच नव्हतं.

आता ती नागपूरकडं प्रशिक्षणात आहे. नियमाची मंजुरी अजून यायचीच आहे, आणि तानाजीकडची रांग तशीच आहे. म्यान मी मशीनजवळ खिळ्याला अडकवलंय, त्यात मिरचीची चाळणी पुसायचा ब्रश ठेवते.

विहिरीवर पाण्याच्या पाळ्या पूर्वी दोघं हाका मारून ठरवायचे. आता पारूबाई मला सांगते, मी मालकांना सांगते. आणि मालक बांधाकडं एकटे जात नाहीत. खरंच जात नाहीत. मोटर चालू करायची असली की दुकानातून घरी येतात, उगाच इकडंतिकडं करतात आणि म्हणतात, "शिवकन्या, येतीस का जरा रानात? मोकळं बी वाटंल तुला."

काल गेले. मी पुढं, ते मागं. भावजी पलीकडं गवत कापत होते, हातात खुरपं. त्यांनी मान वर केली. मालक माझ्या मागं थांबले ते मला न बघताच कळलं. ज्याच्याबरोबर एका फडक्यातली भाकरी खाल्ली त्याच्या खुरप्याला हा माणूस भीत होता, आणि हे सांगायला आता कुठलं ठाणं नव्हतं.

"भावजी," मी म्हटलं, "तुमीच लिहून दिलंय, माझ्या हातात तिखट असतंय म्हणून. आठवतंय ना?"

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. मान खाली घातली आणि परत गवताला लागले. मालकांनी माझ्या आडून जाऊन मोटर चालू केली, पाणी आलं, आणि आम्ही ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं परत निघालो.